गोव्यात कॉलेजचा स्पोर्ट्स डायरेक्टर व्हायचंय? बीपीएडपासून युनिव्हर्सिटीपर्यंतचा रस्ता, एकेक पायरी

एमपीएडमध्ये, म्हणजे फिजिकल एज्युकेशनच्या मास्टर्समध्ये (बीपीएड ही त्याआधीची बॅचलर्स), आम्हाला बायोमेकॅनिक्स शिकवलं, टेस्ट अँड मेजरमेंट शिकवलं, नॉकआउटच्या ड्रॉमध्ये बाय (न खेळता पुढची फेरी) कुणाला द्यायचे ते शिकवलं, पण कॉलेजात डायरेक्टर म्हणून लागायचं कसं आणि लागल्यावर पहिल्या वर्षी काय काय अंगावर येतं हे काही कुणी सांगितलं नाही. मी गोव्यात या सगळ्यातून गेले आहे आणि आजही नवीन मुलं-मुली तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदा क्रमाने लिहून टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते कारण खाली ती परत परत येणार आहे. या लाईनीत तुम्ही जे केलंत त्याचा कागद तुमच्याकडे नसेल तर ते केलंच नाही असं धरलं जातं, मग तुम्ही कितीही चांगले खेळाडू असा. त्यामुळे आज बीपीएडच्या पहिल्या वर्षाला असाल तरी एक फाईल घ्या आणि सुरू करा.

१. पोस्ट कुठली ते आधी नीट कळू द्या

नेटवर 'अ‍ॅथलेटिक डायरेक्टर' शोधलंत तर सगळं अमेरिकेचं निघतं. तिथे कॉलेजांचे खेळ चालवणारी एनसीएए नावाची संस्था आहे, तिच्या डिव्हिजन वनमधल्या मोठ्या युनिव्हर्सिटीचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर कोच नेमतो, कोच काढतो, स्पॉन्सर आणतो, माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या गोळा करतो, आणि त्यासाठी तिकडे लोक स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स करतात. ते वाचून इथे कुणी भरपूर फी भरून स्पोर्ट्स मॅनेजमेंटचा डिप्लोमा करतं आणि मग कळतं की आपल्याकडच्या पोस्टला तो चालत नाही. असं होऊ देऊ नका.

आपल्याकडे पोस्टचं नाव आहे डायरेक्टर ऑफ फिजिकल एज्युकेशन अँड स्पोर्ट्स, बोलताना सगळे डीपीई म्हणतात. कॉलेजात कॉलेज डीपीई असतो, युनिव्हर्सिटीत असिस्टंट डायरेक्टर, डेप्युटी डायरेक्टर आणि वर डायरेक्टर. कॉलेज डीपीई आणि युनिव्हर्सिटीचा असिस्टंट डायरेक्टर यांची पात्रता एकच आणि सुरुवातीचा पगारही एकच, सातव्या वेतन आयोगात अ‍ॅकॅडेमिक लेव्हल १०, म्हणजे बेसिक ५७,७०० रुपये. गोव्यात कॉलेजं संलग्न असलेली युनिव्हर्सिटी एकच, १९८५ साली सुरू झालेली ताळगाव पठारावरची गोवा युनिव्हर्सिटी, त्यामुळे युनिव्हर्सिटीतल्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बहुतेकांची सुरुवात कॉलेजातूनच होते आणि माझ्या मते ती तिथूनच व्हावी, कारण मैदान, मुलं आणि प्राचार्य हे तिन्ही सांभाळणं तिथेच शिकता येतं.

शाळेतला पीईटी म्हणजे खेळाचा शिक्षक आणि सरकारी स्पोर्ट्स अथॉरिटीचा कोच या दोन वेगळ्या वाटा आहेत. पीईटीला बीपीएड लागतं. कोचला पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा उपयोगी पडतो. एनआयएस चांगलंच आहे, डीपीई झाल्यावरही कामाला येतं, पण फक्त त्याच्या जोरावर डीपीईचा अर्ज करता येत नाही.

२. शिक्षण

बारावीनंतर कुठलीही डिग्री, मग दोन वर्षांचं बीपीएड, मग दोन वर्षांचं एमपीएड, हा नेहमीचा रस्ता. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या रेग्युलेशनप्रमाणे फिजिकल एज्युकेशन किंवा स्पोर्ट्स सायन्समधली मास्टर्स डिग्री किमान ५५ टक्क्यांनी पाहिजे. एससी, एसटी, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्के सूट आहे. ५४.८ ला कुणी ५५ धरत नाही हे डोक्यात ठेवा, आणि ग्रेडमध्ये रिझल्ट असेल तर युनिव्हर्सिटीकडून टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र पास होतानाच घ्या, नंतर ते मिळवायला परत त्या गावाला जावं लागतं.

गोव्यातली बरीच मुलं यासाठी बाहेर जातात. पुण्याचं चंद्रशेखर आगाशे कॉलेज आहे, अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं कॉलेज आहे, धारवाड जवळ पडतं, आणि ज्यांना जमतं ते ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई इन्स्टिट्यूटला जातात, जी १९५७ पासून फक्त याच विषयाचं शिक्षण देते. कुठेही जा पण कॉलेजला एनसीटीईची (शिक्षक तयार करणाऱ्या कोर्सना मान्यता देणारी केंद्राची संस्था) मान्यता आहे का ते अ‍ॅडमिशनच्या आधी बघा. 'मैदानावर यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या' असं सांगणारी कॉलेजंही भेटतील, तिथे जाऊ नका, एक तर इंटरव्ह्यूत पाच मिनिटांत उघडे पडता आणि दुसरं म्हणजे पुढे ज्या मुलांना शिकवणार त्यांचं नुकसान होतं.

३. तुम्ही स्वतः खेळल्याचा पुरावा

याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. नियमात स्पष्ट आहे की उमेदवाराने इंटर-कॉलेजिएट, इंटर-युनिव्हर्सिटी, राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर प्रतिनिधित्व केलेलं असायला हवं. म्हणजे बीए-बीकॉमला असताना तुम्ही कॉलेजच्या कबड्डी टीममध्ये होता ते आज कामाला येणार आहे, पण फोटो दाखवून नाही, सर्टिफिकेट दाखवून. नुसतं भाग घेतल्याचं सर्टिफिकेट असेल तरी जपून ठेवा. त्यावर वर्ष, खेळ, स्पर्धेची पातळी आणि सही-शिक्का आहे ना ते हातात घेतानाच बघा.

आणि नावं! गोव्यात हा मोठा घोळ आहे. एकाच माणसाचं आडनाव जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगचं, दहावीच्या सर्टिफिकेटवर वेगळं, आधारवर तिसरंच, एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नाहीच. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं तर आणखी एक नाव वाढतं. कागदपत्र तपासणीच्या दिवशी अ‍ॅफिडेव्हिट करायला धावण्यापेक्षा आधीच दुरुस्ती करून घ्या, जे दुरुस्त होत नसेल त्याचं 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं अ‍ॅफिडेव्हिट तयार ठेवा.

एशियन गेम्स किंवा कॉमनवेल्थ गेम्सचं मेडल आणि पोस्ट ग्रॅज्युएशन असणाऱ्यांना यूजीसीने वेगळा दरवाजा ठेवला आहे, पण तो तुमच्या-माझ्यासाठी नाही.

४. नेट, सेट की पीएचडी

यापैकी एक पाहिजेच. नेट ही देशभराची पात्रता परीक्षा, सेट राज्याची. नेटमध्ये दोन पेपर एकाच बैठकीत तीन तासांत होतात, पहिला १०० मार्कांचा सगळ्यांना सारखा, दुसरा २०० मार्कांचा आपल्या विषयाचा, आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नका. आपल्या विषयाची मुलं दुसरा पेपर बरा काढतात आणि पहिल्यात मार खातात, कारण रिसर्च मेथडॉलॉजी, डेटा इंटरप्रिटेशन, लॉजिकल रीझनिंग याची सवयच नसते. रोज एक तास फक्त पहिल्या पेपरला द्या, हा माझा आग्रह आहे.

सेट आपल्याला पुण्याची सावित्रीबाई फुले युनिव्हर्सिटी घेते, महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच. ती पास झालात तर दोन्ही राज्यांत चालते, पण कर्नाटकात किंवा दुसरीकडे अर्ज करायचा असेल तर नेट लागेल. दोन्ही द्या. पीएचडीच्या जोरावर सूट घेणार असाल तर तुमची पीएचडी यूजीसीच्या नियमांप्रमाणे झाल्याचं युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट लागतं, नुसती डिग्री पुरत नाही.

२०२५ च्या जानेवारीत यूजीसीने नेमणुकांच्या नवीन नियमांचा मसुदा काढला होता, तेव्हापासून ग्रुपवर काहीही फिरत असतं. तुम्ही फक्त एक करा, जी जाहिरात भरताय तिच्यात कुठल्या वर्षाचे नियम लिहिलेत ते बघा आणि तेच वाचा.

५. फिटनेस टेस्ट, हिला हलकी समजू नका

पुरुषांना १२ मिनिटं पळायचं किंवा चालायचं असतं. वय ३० पर्यंत १८०० मीटर, ४० पर्यंत १५००, ४५ पर्यंत १२०० आणि ५० पर्यंत ८००. महिलांना ८ मिनिटं, त्याच वयोगटांना अनुक्रमे १०००, ८००, ६०० आणि ४०० मीटर. त्याआधी डॉक्टरचं मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट द्यावं लागतं.

आकडे बघून हसू येतं, चारशेच्या ट्रॅकवर पुरुषांचे साडेचार राउंड आणि आपले बायकांचे अडीच. पण नेट-सेटच्या अभ्यासात दोन वर्षं खुर्चीत बसून वजन वाढवलेले, त्यात लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासाच्या पैशांवर, दिवसभर धावपळ करून संध्याकाळी थकलेले असे लोक या टेस्टला येतात आणि पहिल्या राउंडला जोरात सुटून तिसऱ्याला थांबतात. १८०० मीटरला एका राउंडला २ मिनिटं ४० सेकंद पुरतात, म्हणजे हळू जॉगिंगच. घड्याळ लावून त्याच वेगाने पळायची सवय करा. प्रॅक्टिस ट्रॅकवर करा, बांबोळीच्या अ‍ॅथलेटिक स्टेडियमवर किंवा म्हापशाच्या पेडे कॉम्प्लेक्सवर, मिरामारच्या वाळूत पळून वेळेचा अंदाज येत नाही. टेस्ट भर दुपारी लागली तर गोव्याच्या दमट हवेत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा आठवड्यातून एखाद दिवस उन्हातही पळा. गरोदरपण किंवा ऑपरेशन झालेलं असेल तर लपवून पळू नका, आधी लेखी कळवा आणि डॉक्टरचं ऐका, नोकरी परत निघेल.

६. गोव्याचे कागद

इथे बाहेरून आलेले तर अडकतातच, पण गोव्याचे असून शिकायला बाहेर राहिलेलेही अडकतात. सरकारी पोस्टला १५ वर्षांचा रेसिडेन्स दाखला लागतो, तो मामलेदाराकडून मिळतो आणि मधे तलाठ्याची चौकशी असते. जाहिरातीला अर्ज करायची मुदत कमी असते आणि दाखला त्या वेगाने मिळेलच असं नाही, म्हणून आधीच काढा. पुण्याला-अमरावतीला शिकत असताना रेशन कार्डावरचं आणि मतदार यादीतलं नाव गोव्यातच राहू द्या.

कोकणी येणं आवश्यक आणि मराठी येत असेल तर चांगलं, असं जाहिरातीत असतं. कोकणी बोलता येते असं नुसतं लिहून चालत नाही, इंटरव्ह्यूत कोकणीत प्रश्न येतात. सत्तरी-पेडण्याकडच्या आपल्या मुलांना घरची बोली येते पण पॅनेलसमोर कोकणीत नीट उत्तर द्यायची वेळ आली की मधेच मराठीत घसरतात, तर खेळाबद्दल, कामाबद्दल कोकणीत बोलायचा सराव ठेवा.

फाईलमध्ये काय काय पाहिजे ते एकदा लिहून देते, प्रत्येकाच्या तीन अटेस्टेड झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये स्कॅन:

- जन्मदाखला, दहावी आणि बारावीचं सर्टिफिकेट
- डिग्री, बीपीएड, एमपीएडच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, फक्त शेवटची नाही
- टक्केवारी रूपांतराचं पत्र
- नेट, सेट किंवा पीएचडीचं सर्टिफिकेट
- खेळाची सर्टिफिकेट, मोठ्या पातळीवरून खालच्या पातळीकडे लावलेली
- १५ वर्षांचा रेसिडेन्स दाखला, एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड
- जातीचा दाखला, ओबीसी असाल तर चालू वर्षाचा नॉन-क्रीमी लेयर
- आधीच्या कामाची ऑर्डर, अनुभवाचा दाखला, आधीच्या नोकरीतून एनओसी
- अ‍ॅफिडेव्हिट, आधार, फोटो

७. जाहिरात आणि इंटरव्ह्यू

सरकारी कॉलेजच्या जागा गोवा लोकसेवा आयोग म्हणजे जीपीएससी भरतं. तिथे आधी कॉम्प्युटरवर स्क्रीनिंग टेस्ट असते आणि मग इंटरव्ह्यू. अनुदानित कॉलेजच्या जागा संस्था भरते, पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयाची परवानगी घेऊन, आणि जाहिरात पेपरात येते. मराठी पेपर वाचता तसे इंग्रजीही बघत जा.

पक्की जागा निघेपर्यंत बहुतेक जण कॉन्ट्रॅक्टवर किंवा लेक्चर बेसिसवर काम करतात, जूनच्या आसपास त्याचे इंटरव्ह्यू होतात. करा, अनुभव खूप मिळतो. पण एक सापळा नीट समजून घ्या. हा अनुभव पुढे सर्व्हिसमध्ये धरायचा की नाही यासाठी यूजीसीच्या अटी आहेत, तुमच्याकडे तेव्हा पूर्ण पात्रता होती का, तुमची निवड रीतसर नेमलेल्या सिलेक्शन कमिटीने केली का, आणि तुमचा एकूण पगार त्या पोस्टवरच्या पक्क्या माणसाच्या पगारापेक्षा कमी नव्हता ना. तासावर पैसे घेऊन केलेलं काम बऱ्याचदा या तिसऱ्या अटीत बसत नाही. म्हणून पाच वर्षं लेक्चर बेसिसवर काढली की ती पाच वर्षं धरली जातील असं गृहीत धरून बसू नका, आणि कॉलेज सोडताना ऑर्डरची प्रत, कमिटीच्या निवडीचा उल्लेख आणि पगाराचा दाखला हे तिन्ही मागून घ्या.

इंटरव्ह्यूत काय विचारतात? मैदानाची मापं, नियम, ट्रेनिंगची तत्त्वं हे असतंच. पण पॅनेलवर बसलेल्या प्राचार्यांना खरं जाणून घ्यायचं असतं की हा माणूस आपलं कॉलेज सांभाळेल का. 'आमच्याकडे स्वतःचं मैदान नाही, काय कराल?' हा प्रश्न गोव्यात येतोच येतो. उत्तर तयार ठेवा, त्या कॉलेजच्या आसपास पंचायतीचं, कोमुनिदादचं (गावकऱ्यांची जुनी जमीन-संस्था), चर्चचं कुठलं मैदान आहे, स्पोर्ट्स अथॉरिटीची कुठली जागा जवळ आहे, हे आदल्या दिवशी जाऊन बघून या. त्याने जेवढा फरक पडतो तेवढा दहा सर्टिफिकेटने पडत नाही.

८. पहिलं वर्ष, म्हणजे कॅलेंडर

लागलात, अभिनंदन. आता पहिल्या आठवड्यात व्हिसल बाजूला ठेवा आणि वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा.

कॉलेज सुरू होतं तेव्हाच पाऊस सुरू होतो. २१ जूनचा योग दिवस तुमच्याच अंगावर येतो. सप्टेंबरपर्यंत मैदानात चिखल, म्हणून बुद्धिबळ, कॅरम, टेबल टेनिस, बॅडमिंटन हे आधी उरकायचे आणि याच काळात मुलं शोधायची. अ‍ॅडमिशनच्या वेळी एक साधा फॉर्म द्या, शाळेत काय खेळलात, कुठपर्यंत गेलात, कुठल्या क्लबकडे आहात, दुखापत कुठली. फुटबॉलवाली मुलं बहुतेक गोवा फुटबॉल असोसिएशनच्या कुठल्या ना कुठल्या क्लबकडे नोंदलेली असतात आणि कॉलेजची मॅच व क्लबची मॅच एकाच दिवशी आली की मुलगा बिचारा मधे सापडतो. क्लबच्या कोचला सुरुवातीलाच फोन करा, भांडायला नाही, तारखा जुळवायला. काही मुलं कॉलेज सुटल्यावर कामाला जातात, टुरिस्ट सीझन सुरू झाला की जास्तच, त्यांना 'प्रॅक्टिसला का येत नाहीस' म्हणून सगळ्यांसमोर झापू नका, सकाळची प्रॅक्टिस ठेवून बघा.

मग चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. त्या आठवड्यात गोव्यात काही होत नाही आणि होऊ नये, पण तुमचा प्लॅन तसा बांधा. २०२५ मध्ये चवथ २७ ऑगस्टला आली आणि २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिवस सरळ सुट्टीत पडला. असं दरवर्षी पंचांग बघून ठरवायचं.

चवथीनंतर पाऊस ओसरतो आणि सगळं एकदम सुरू होतं, इंटर-कॉलेजिएट, युनिव्हर्सिटी टीमच्या निवडी, वेस्ट झोनच्या इंटर-युनिव्हर्सिटी स्पर्धा, आणि त्यातच ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सेमिस्टर परीक्षा. हीच ती वेळ जेव्हा चांगला खेळाडू पेपर की स्पर्धा यात अडकतो. यावर उपाय एकच, निवड होण्याची शक्यता असलेल्या मुलांची यादी परीक्षा विभागाला महिनाभर आधी लेखी द्या, प्राचार्यांची सही घ्या, हजेरी आणि फेरपरीक्षेबद्दल नियमात काय बसतं ते विचारून मुलाच्या पालकांनाही सांगा. निवड झाल्यावर पळापळ केली तर परीक्षा विभागही काही करू शकत नाही, त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही.

मैदानाचं बुकिंगही तसंच. २०२३ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ३७ वे नॅशनल गेम्स गोव्यात झाले, फातोर्डा, पेडे, कांपाल, बांबोळी, ताळगाव इथे आज ज्या सोयी आहेत त्या आपल्या मुलांनी वापरायलाच हव्यात. पण तिथे राज्य संघटनांच्या स्पर्धा असतात, कार्यक्रम असतात, लग्नाचे हॉल शोधतात तसं लोक इनडोअर स्टेडियम शोधत असतात. वार्षिक स्पोर्ट्सची तारीख ठरली की त्याच दिवशी पत्र द्या, पोच घ्या, आणि पर्यायी तारीख पत्रातच लिहा. गावातलं मैदान घेणार असाल तर पंचायत किंवा कोमुनिदादकडून लेखी परवानगी घ्या, तोंडी 'खेळा, खेळा' वर १०० मुलं घेऊन जाऊ नका.

९. टीम बाहेर नेताना

हे काम मनापासून शिका, कारण इथे तुमच्या एका कागदावर मुलाचं वर्ष अवलंबून असतं.

इंटर-युनिव्हर्सिटी स्पर्धा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज म्हणजे एआययू घेते. आपण वेस्ट झोनमध्ये, महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश यांच्याबरोबर, त्यामुळे प्रवास लांबचा. तिथून पुढे गेलात तर ऑल इंडिया, आणि तिथली कामगिरी चांगली झाली तर खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स, जे २०२० मध्ये भुवनेश्वरला पहिल्यांदा झाले. एलिजिबिलिटी फॉर्मवर वय, प्रवेशाचं वर्ष, बारावी कधी झाली, आधी किती वेळा खेळला हे सगळं असतं. कॉलेजातून जाणारी माहिती तुम्ही स्वतः मूळ मार्कशीट समोर ठेवून भरा, मुलाला 'भरून आण' म्हणून देऊ नका. फोटोवर अर्धा शिक्का, अर्धा कागदावर. मूळ दहावी-बारावीची सर्टिफिकेट बरोबर न्यायची असतात, ती सगळी एका फोल्डरमध्ये मॅनेजरकडे.

२०२५ च्या जुलैत जर्मनीत ऱ्हाइन-रूरला वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्स झाले. भारताच्या बॅडमिंटन मिक्स्ड टीमने ब्राँझ जिंकलं, पण १२ पैकी ६ खेळाडूंना कोर्टवर उतरताच आलं नाही कारण त्यांची नावं नीट दिली गेली नव्हती, अशा बातम्या आल्या. ती मुलं सिलेक्शन जिंकून, घर सोडून तिथपर्यंत गेली होती. मॅनेजर्स मीटिंगला वेळेत जाणं, यादी वाचून दाखवायला लावणं, सही केलेल्या यादीचा फोटो काढणं, हे एवढं करायला दहा मिनिटं लागतात.

रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं. ड्रॉ उशिरा येतो, पण ठिकाण आणि साधारण तारखा आधी कळतात, तेव्हा जायची तिकिटं काढून ठेवा. परतीच्या तिकिटाला टीम लवकर हरली तर काय, हेही ठरवून जा, मुलांना स्टेशनवर दोन रात्री काढायला लागू नयेत.

मुलींच्या टीमबरोबर बाई मॅनेजर असायलाच हवी. कॉलेजात दुसरी कुणी तयार होत नाही असं कारण देऊन नेहमी टाळलं जातं, तुम्ही टाळू देऊ नका, वर्षाच्या सुरुवातीलाच दोन-तीन मॅडमना विचारून नावं ठरवून ठेवा. राहायची खोली, बाथरूमला कडी आहे का, रात्री मॅच संपल्यावर परत कसं यायचं, सॅनिटरी पॅड किटमध्ये आहेत का, हे मुलगी स्वतः विचारत नाही, तुम्ही आधी बघायचं. मुलगी खेळ सोडते तेव्हा बऱ्याचदा घरच्यांना भरवसा वाटत नाही हे कारण असतं. जायच्या आधी आईशी एकदा फोनवर बोला, पोचल्यावर एक मेसेज टाका, पुढच्या वर्षी तीच आई स्वतःहून पाठवते. पालकांचं संमतीपत्र, ब्लड ग्रुप, अ‍ॅलर्जी, इमर्जन्सी नंबर हे मुलगे असोत की मुली, सगळ्यांचं घ्या.

जिमला जाणाऱ्या मुलांशी सप्लिमेंटबद्दल स्पष्ट बोला. मोठ्या स्पर्धांत नाडा ही संस्था बंदी असलेल्या औषधांची टेस्ट घेते, आणि 'दुकानदाराने दिलं, मला माहीत नव्हतं' हे चालत नाही. सर्दीचं औषध घेतानाही टीमबरोबरच्या डॉक्टरला किंवा तुम्हाला विचारायची सवय लावा.

१०. पैसे आणि स्टॉक

थोडक्यात सांगते. स्वतःच्या खिशातून खर्च करून नंतर बिल लावायची सवय लावून घेऊ नका. स्पर्धेआधी मंजुरी, मग अ‍ॅडव्हान्स, आल्यावर लगेच हिशोब. सामान घेताना कोटेशनं किंवा जीईएम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, तुमच्या कॉलेजला जे लागू असेल ते अकाउंट्सवाल्यांना विचारून. डेड स्टॉक (टिकाऊ सामान) रजिस्टर आणि कन्झ्युमेबल (वापरून संपणारं सामान) रजिस्टर वेगळं ठेवा, फुटलेला बॉलही नोंद करूनच बाद करायचा. चार्ज घेताना आधीच्या डीपीईच्या रजिस्टरप्रमाणे सामान मोजून घ्या आणि जे नाही ते लिहून सही घ्या, नाहीतर आधीच्या वर्षांतलं हरवलेलं सगळं तुमच्या नावावर.

११. पुढे जायचं असेल तर

प्रमोशनच्या योजनेला सीएएस म्हणतात. लेव्हल १० वरून ११ ला जायला पीएचडी असेल तर ४ वर्षं, एमफिल असेल तर ५, नसेल तर ६ वर्षं लागतात, शिवाय ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर सारखे कोर्स. मूल्यमापनात तुमची हजेरी, कॉलेजांतर्गत घेतलेल्या स्पर्धा, बाहेरच्या स्पर्धांत कॉलेजचा सहभाग, मैदान-सुविधांत केलेली वाढ, असं सगळं बघतात. म्हणून प्रत्येक स्पर्धेचं एक पान करायचं, परिपत्रक, सहभागी मुलांची यादी सह्यांसकट, निकाल, दोन फोटो तारखेसकट, खर्चाची प्रत. हेच पान नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या दर्जा तपासणीच्या, वेळी आयक्यूएसी या कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला लागतं, म्हणजे एकदा केलेलं काम दोनदा उपयोगी पडतं.

युनिव्हर्सिटीत डेप्युटी डायरेक्टर व्हायला पीएचडी आणि ८ वर्षांचा अनुभव, डायरेक्टर व्हायला पीएचडी आणि १० वर्षांचा. दोन्हींना स्पर्धा घेतल्याचा आणि किमान दोन आठवड्यांचे कोचिंग कॅम्प घेतल्याचा पुरावा लागतो, आणि तुम्ही चांगले संघ किंवा खेळाडू घडवल्याचाही. यातला दोन आठवडे हा शब्द लोकांच्या लक्षातच येत नाही, मे महिन्यात दहा-दहा दिवसांचे कॅम्प घेत राहतात आणि अर्जाच्या वेळी एकही बसत नाही. कॅम्प घेणारच असाल तर सलग १४ दिवसांपेक्षा कमी ठेवू नका, पहिल्या दिवसाच्या परिपत्रकातच तारीख ते तारीख लिहा, रोजची हजेरी ठेवा आणि संपल्यावर प्राचार्यांच्या सहीचा रिपोर्ट त्याच आठवड्यात घ्या. प्राचार्य बदलतात, नवीन प्राचार्य जुन्या कॅम्पवर सही करत नाहीत.

पीएचडीसाठी विषय निवडताना आपल्याच मुलांवरचा, आपल्याच मैदानावरचा निवडलात तर नोकरी करता करता डेटा गोळा होतो. पावसाळ्यात चार महिने मैदान बंद असताना खेळाडूंच्या फिटनेसचं काय होतं, मुली कॉलेजात आल्यावर खेळ का सोडतात, मच्छीमार घरांतल्या किंवा डोंगराकडच्या मुलांची सहनशक्ती कशी असते, असे कितीतरी प्रश्न गोव्यात पडलेले आहेत. गाईड ठरवायच्या आधी मुलांची संमती कशी घ्यायची आणि युनिव्हर्सिटीची एथिक्स कमिटीची परवानगी लागेल का हे विचारून घ्या, आणि मोजमाप सुरू करायचं असेल तर ते जूनमध्ये, नवीन बॅच येते तेव्हा करा, म्हणजे तीच मुलं तीन-चार वर्षं हाताशी राहतात.